बाबांची नाडी

"एकशे चौतीस!" सिस्टर जवळजवळ ओरडलीच. "डॉक्टर, एकशे चौतीस ठोके आहेत मिनिटाला. आता तरी ऐका माझं!"

तरुण डॉक्टरीणबाई पलीकडच्या कॉटवर एकाच्या गुडघ्याला टाके घालत होत्या. त्यांनी मान वर केली. "आत्ताच तर बघून गेले, सिस्टर. ब्याऐंशी होती. हे टाके संपले की येते."

ब्याऐंशी म्हणे! त्या बोटाला लावायच्या चिमट्यावर सिस्टरचा काडीचा विश्वास नव्हता. आईच्या वेळीही सगळी यंत्रं ठीकच म्हणत होती. आई नुसती "जरा गळून गेल्यासारखं वाटतंय" म्हणाली होती, आणि सिस्टर तिला घरीच पेज भरवत बसली होती. सेप्सिस आहे हे कळलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. जंतू असतात एका कोपऱ्यात, पण त्यांच्याशी लढता लढता शरीर स्वतःलाच जाळत सुटतं. वीस वर्षं दुसऱ्यांची आजारपणं काढलेल्या बाईला आपल्या आईचं कळलं नाही. ते तिच्या जिवाला लागून राहिलं होतं.

आणि आता बाबा. काल लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप. आज सकाळी तिनं त्यांना हाताला धरून आपल्याच हॉस्पिटलात, तपासणीच्या खोलीत आणून झोपवलं होतं. पहिलं इंजेक्शन झालं होतं, रक्त तपासायला गेलं होतं. पण लघवीतले जंतू रक्तात जायला कितीसा वेळ लागतो?

तिनं बाबांच्या कपाळावर हात ठेवला. चटका बसावा इतकं गरम लागलं.

"अगं, काय बर्फातून हात काढून आणलास की काय!" बाबा दचकले.

"ताप चढतोय तुमचा."

"मघाशीच काखेत नळी लावून गेली ना ती पोरगी? नाही म्हणाली ताप."

"नीट बसली नसेल काखेत." तिला हुडहुडी भरली. "तो पंखा कुणी लावलाय एवढा? बंद करा ना कुणीतरी."

"बंदच आहे तो," बाबा म्हणाले.

तिनं वर पाहिलंच नाही. ती बाबांची जीभ बघत होती, ओठ बघत होती, नखं बघत होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, जीभ टाळूला चिकटत होती.

"बाबा, लघवीला जाऊन आलात?"

"हे तू तिसऱ्यांदा विचारतेयस."

तिनं एकदाच विचारलं होतं. भ्रम! माणूस असंबद्ध बोलायला लागला की समजावं, पाणी डोक्यावरून चाललंय.

"दोनदा जाऊन आलो," बाबा म्हणाले. "तूच सकाळपासून जागची हलली नाहीस. दोन घोट चहा तरी घे. आणि ते बोटांचं दाखव ना कुणाला तरी, आयतं दवाखान्यात आहोत."

"बोटांचं जाऊ द्या हो!" इंजेक्शनची काचेची कुपी फोडताना परवा तिची उजव्या हाताची दोन बोटं कापली होती. तिनंच पट्टी गुंडाळली होती. जीव टांगणीला लागला असताना बोटांचं काय घेऊन बसायचं? "बाबा, आज वार कोणता?"

"शनिवार."

"शुक्रवार, बाबा!" तिला रडू फुटलं. "आज शुक्रवार आहे हो. नीट आठवून बघा ना."

बाबांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग ते एकदम उठून बसले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरीणबाई, जरा इकडे या बघू."

"आडवे व्हा, बाबा! हलू नका!" तिला धाप लागली होती. भीतीनं हातपाय गार पडतात असं लोक म्हणतात, तिचे खरोखर पडले होते. "डॉक्टर, बघा, वेड्यासारखं करतायत. आईनंही असंच केलं होतं. लॅबला फोन करा, रिपोर्ट मागवा."

डॉक्टरीणबाई हात पुसत आल्या. "बाबांचा रिपोर्ट आलाय, सिस्टर. चांगला आहे. शनिवार म्हणून लॅबनं लवकर उरकलं. उगाच घाबरवू नका त्यांना."

"रिपोर्ट घाला चुलीत! नाडी बघा नाडी! थांबा, तुमच्यासमोर मोजते."

तिनं बाबांचं मनगट धरलं. पट्टीमुळे पकड बसेना, तसा तिनं मघासारखाच अंगठा दाबून धरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठ हलवायला लागली. ठोके धडाधड लागत होते, एकात एक मिसळत होते.

डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत नव्हत्या. त्या तिच्या अंगठ्याकडे बघत होत्या. मग पट्टीकडे. मग पट्टीखालून निघून मनगटावरून बाहीत शिरलेल्या लालसर रेघेकडे.

"सिस्टर," त्या हळूच म्हणाल्या, "मी शिकाऊ असताना तुम्ही माझ्या हातावर चापट मारली होती. आठवतं? नाडी अंगठ्यानं बघायची नाही, आपलीच लागते."

सिस्टरला ते शब्द फार लांबून आल्यासारखे वाटले. "अगं, पण बाबांना..." ती म्हणाली, आणि पुढचं तिला आठवेना.

डॉक्टरीणबाईंनी तिचं मनगट हातात घेतलं, दोन बोटं टेकवली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. सलाईन आणि अँटिबायोटिक घेऊन धावत या, असं त्यांनी दाराकडे ओरडून सांगितलं.

"बाबा," त्या वळून म्हणाल्या, "पटकन खाली उतरा. ही कॉट तुमच्या मुलीला हवीय."