तेलातली सहा काडतुसं

खट्.

गोळी उडालीच नाही. कार्लीननं चाप सोडला आणि रिव्हॉल्व्हर खाली घ्यायला लागली, तोच मागून ओटिस ओरडला, "हलवू नकोस! नळी निशाणाकडंच धर. तीस मोज."

फुसकी वाटलेली गोळी कधीकधी उशिरा उडते. केंटकीच्या डोंगरात हा नियम पोरींना वेणी घालायच्या आधी शिकवतात. कार्लीन मोजू लागली. ओटिसच्या बंदुकांच्या दुकानामागं मातीचा बंधारा होता, त्यावर कागदी निशाण. छपराच्या खांबावर घड्याळ. अडीच वाजले होते.

चार वाजता रँडल जामिनावर सुटणार होता. तिचा नवरा. पोलिसांच्या गाडीच्या काचेआडून त्यानं नुसत्या ओठांनी सांगितलं होतं, 'परत येतोय.' त्यानं घराजवळ फिरकू नये म्हणून कोर्टानं कागद दिला होता. तो फ्रिजवर चिकटवलेला होता. "कागद काय दाराला अडसर म्हणून लावणारेस?" असं आईनं विचारलं होतं. शेरीफचं ठाणं तीस मैलांवर. रँडलच्या भावाचं घर तीन मैलांवर.

आई, म्हणजे इमोजिन, मागं बाकावर बसली होती. सत्तरी उलटलेली, पण पाठ अशी ताठ, जणू गज गिळलाय. मांडीवर पर्स, आणि पर्सवर ओटिसनं दिलेली नवी काडतुसांची पेटी.

त्या पेटीवरूनच तासभर जुंपली होती.

"टोकाला खळगा असलेली घे," ओटिस समजावत होता. "अंगात शिरली की फुलते आणि तिथंच थांबते. साधी गोळी माणसातून जाईल, भिंतीतून जाईल. भिंतीपलीकडं तुझी पोर झोपते ना?"

"मला बाबांचीच हवीत." कार्लीननं वडिलांचं रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं होतं. त्यात त्यांनीच भरलेली सहा काडतुसं होती. "बघा कशी चकचकीत आहेत. किती जपलीत त्यांनी."

"मेलेल्याच्या गोळ्या आणि परवाची रोटी," इमोजिन म्हणाली, "दोन्ही बाहेर टाकायच्या. नवी घे."

"तुला बाबांचं काही चांगलं दिसलंच नाही कधी!"

"दिसलं की. तू दिसलीस. नवी घे."

का, ते मात्र सांगितलं नाही. कारणं देत बसायला ती काय मास्तरीण होती?

शेवटी ओटिसच म्हणाला, "भांडू नका. उडवून बघू. जी एकदाही दगा देत नाही, तीच घरी न्यायची."

"तीस झाले," तो आता म्हणाला. "दुसरी ओढ."

खट्.

पुन्हा तीस. हा आवाज कार्लीननं पूर्वी ऐकला होता. ती सात वर्षांची होती, शनिवार होता, टेबलावर मक्याची गरम रोटी होती. वडिलांनी हसत हसत हेच रिव्हॉल्व्हर आईच्या कपाळाला टेकवलं होतं आणि चाप ओढला होता. खट्. मग ते उघडून बराच वेळ आत बघत राहिले होते. "रिकामं होतं," म्हणाले होते. "गंमत केली, पोरी." त्या दिवसानंतर त्यांनी बाटलीला हात लावला नाही. कार्लीनला तेच वडील माहीत होते. चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसणारे, तिला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवणारे.

तिसरी, खट्. चौथी, खट्. पाचवी.

सहावीही तशीच. संध्याकाळी दार फुटलं असतं, रँडल आत आला असता, आणि तिच्या हातात हे असतं.

ओटिसनं तिच्या हातून रिव्हॉल्व्हर घेतलं, चक्र उघडलं आणि काडतुसं तळव्यावर पाडली. "हत्यार ठणठणीत आहे. प्रत्येकाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टिकली असते, तिच्यावर घोडा आपटल्याचा खड्डा पडलाय. टिकल्याच मेल्यात." त्यानं एक काडतूस नाकाशी धरलं. "तेल! नुसतं पुसलेलं नाही, बुडवलेलं. तेल आत मुरलं की ठिणगी मरते. कुठल्या शहाण्याचं काम हे?"

"बाबा जपायचे ना..." कार्लीन पुटपुटली.

"मी केलंय," इमोजिन म्हणाली.

दोघंही वळले.

"दर शनिवारी. तो गुत्त्यावर गेला की. सहाच्या सहा तेलात टाकायची, रोटी भाजून होईतो ठेवायची, मग पुसून परत आत. काढून लपवली असती तर माझे दात पाडले असते त्यानं. दिसायला तर जागच्या जागी हवीत ना."

ओटिसनं एक काडतूस चिमटीत उचललं, उन्हात धरलं. "इमोजिनबाई, ह्याच्यावर दोन खड्डे आहेत. एक आत्ताचा. दुसरा जुना, काळा पडलेला."

कार्लीन त्या दोन खड्ड्यांकडं बघत राहिली. मग आईच्या कपाळाकडं.

"पण बाबा म्हणाले होते, रिकामं होतं..."

इमोजिन उठली. नवी पेटी फोडून तिनं लेकीच्या तळव्यावर सहा काडतुसं मोजून ठेवली, आणि तिची बोटं त्यांच्यावर मिटवली.

"रिकामं असतं, तर त्यानं दारू सोडली असती होय?"