गरम कीस

लोखंड कातायचा जुना लेथ घेऊन स्वतःचं वर्कशॉप काढायला निघालेल्या टर्नरच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला होता. मोटर जळकी निघाली, म्हणून ती त्याने धाकट्या भावाच्या दुकानात वाइंडिंगला टाकली. म्हणजे लेथ अजून एकदाही फिरला नव्हता. तरी रोज सकाळी खालच्या ट्रेमध्ये लोखंडाचा ताजा कीस सापडे, आणि तो हाताला गरम लागे.

टर्नरने कुलूप बदललं. कीस पडतच राहिला. मग त्याने भावालाच ओढत आणलं.

"माझ्या मशीनवर माझ्याआधी हात साफ करतोस? आजपासून तू माझा कुणी नाहीस!"

"दादा, मोटर माझ्या टेबलावर उघडी पडलीय. मी काय दातांनी कातलं?"

"उलट बोलू नकोस! दुसरी आणत असशील!"

"अरे, याला पट्टा तरी आहे का?"

टर्नर उत्तर द्यायला वळला आणि थांबला. लोखंड धरून फिरवणारा चक हलत नव्हता. त्यात काही धरलेलंही नव्हतं. टूलच्या टोकाशी मात्र लोखंडाचं निळसर वेटोळं सावकाश लांबत होतं.

"बंद कर!" सवयीने तो भावावरच खेकसला.

भावाचे दोन्ही हात खिशात होते.

कीस थांबला.