भुशाचं वासरू

“दूध नाही, तर हॉटेल उघडलंत कशाला?” सरकारनं विचारलं.

“दूध आहे ना,” हॉटेलवाली हळू आवाजात म्हणाली. “ओटचं आहे, नारळाचं आहे, बदामाचं आहे. जनावराचं तेवढं नाही. तूप, दही, अंडी, मध, तेही नाही. आमचं व्हीगन आहे.”

“बदामाची धार काढायला बसता तरी कुठल्या अंगानं?”

हॉटेलवाली हसली. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा हसला. धाकटीनं आधी सासूकडं बघितलं आणि मग तीही हसली.

सरकार म्हणजे तिची सासू. गोठ्यातली जनावरं आणि घरातली माणसं तिच्या एका हाकेवर उठत-बसत, म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलेलं. तिलाही ते गोड लागायचं. दूध विकून तिनं घर उभं केलं होतं. असल्या ठिकाणी तिनं एरवी पाऊल टाकलं नसतं. पण धुक्यामुळं गाडी उशिरा पोचली, पुढची बस दुपारची, आणि स्टेशनबाहेर उभ्या असताना धाकटीनं या दाराकडं बोट दाखवलं. दोन महिन्यांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं.

आत सगळं पाण्याखाली असल्यासारखं होतं. छत काचेचं, त्याच्यावर धुकं पोट टेकून बसलेलं. वेली छतापासून टेबलांपर्यंत लोंबत होत्या. त्यांच्यातून उजेड हिरवा होऊन खाली यायचा आणि माणसांच्या हातांवर हलायचा. समोरच्यांचे ओठ आधी हलायचे, बोलणं मागाहून यायचं. रात्रभर गाडीत बसून सरकारचे डोळे जड झाले होते. आपण जागे आहोत की गाडीतच डुलकी लागलीय, हे तिला धड कळेना. भोपळ्याचं सूप आलं. ते तिनं नाक मुरडत चाखलं आणि मुकाट संपवलं.

दुपारची बस लेकीच्या गावाला जायची होती. लेकीला तिसरं झालं होतं. ते धाकटीच्या मांडीवर द्यायचं, असं सरकारनं लेकीला सांगून टाकलं होतं. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. धाकटीचं बाळ पाळण्यातच गेलं, त्याला आता दोन महिने होत आले. ती रडली नाही. सांगितलं ते काम करायची, वाढलं ते खायची. घरात तो विषय कुणी काढायचा नाही, असा सरकारचा हुकूम होता. रिकामी मांडी भरली की बाई आपोआप वळणावर येते. कबरीच्या वेळी नव्हतं का झालं?

कबरी म्हणजे त्यांची सगळ्यात दुधाळ गाय. तिचं वासरू मेलं आणि तिनं पान्हा चोरला. सरकारनं वासराचं कातडं वाळवून घेतलं, आत भुसा भरून शिवलं आणि चार काठ्यांवर तिच्यापुढं उभं केलं. कबरी ते चाटायला लागली. बादली भरली. हा किस्सा सरकार आल्या-गेल्याला सांगायची, आणि दर वेळी बादली थोडी मोठी व्हायची.

धाकटीनं ओटच्या दुधाचा पेला दोन्ही हातांत धरला होता. वाफेतून तिचा चेहरा दिसायचा, पुसला जायचा, पुन्हा दिसायचा.

“पी गं. थंड करून काय त्याचं दही लावतेस?” सरकार म्हणाली. “आणि बाळ मांडीवर घेतलंस ना, की बघ. घर पुन्हा घरासारखं होईल.”

“घेईन. तुम्ही म्हणाल तसं घेईन, आई.” धाकटीनं एक घोट घेतला आणि हसली.

“शहाणी माझी बाय. मुक्या कबरीला कळलं, ते तुला नाही का कळायचं?”

“कबरीला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“काय कळलं होतं?”

“आत भुसा आहे ते.” धाकटीचा आवाज झोपेतून आल्यासारखा होता. “मी गोठा झाडायला मागं थांबायचे ना. तुम्ही बादली घेऊन गेलात की ती त्याच्याकडं बघायचीसुद्धा नाही. भिंतीकडं तोंड करून उभी राहायची.”

“अगं, मग चाटायची कशाला?”

“तुम्ही समोर उभ्या असायच्यात म्हणून.”

धाकटी अजून हसतच होती. हे हसू सरकारनं रोज बघितलं होतं. जेवताना, पाहुण्यांना पाणी देताना, आत्ता तो घोट घेताना. बघितलं होतं आणि पोरगी सावरतेय म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती.

सरकार उठली. पदर सारखा केला.

“मी बाहेर थांबते. तू बस सावकाश.”

“आई, बस चुकेल.”

“चुकू दे. मी काही आत डोकावायची नाही.”

बाहेर रस्ता नव्हताच, नुसतं पांढरं होतं. सरकारनं दाराकडं पाठ केली आणि लेकीला फोन लावला. “आम्ही येत नाही. तुझं बाळ तुझ्यापाशी राहू दे.”

लेक काही विचारणार, तोच आतून हंबरडा फुटला. काचा हादरल्या. धुक्यातून जाणारा एक सायकलवाला थबकला. सरकार वळली नाही.

“आई, कोण गं ते?”

“आपली धाकटी,” सरकार म्हणाली. “रडू दे तिला. तिचं बाळ गेलंय.”