आरशातला धोबी

लग्न होऊन ती तलावाकाठच्या पंपघरामागच्या खोल्यांत आली, तेव्हा नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा फोटो भिंतीवर आधीपासूनच होता. पहिली जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरात अजून तिचंच चालायचं.

एका सकाळी मोटरसायकलच्या आरशावर एक काळापांढरा पक्षी तावातावाने चोची मारत होता.

"अहो, हा कुठला हो?"

"धोबी. त्याची पांढरी भुवई बघ. काठाने तुरुतुरु पळत किडे टिपतो, शेपटी सारखी खालीवर. मला कुठलं कळायला, तिनेच दाखवला होता."

झालं. पक्षीसुद्धा तिचाच. हिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आणि आरशाशी कसलं वैर त्याचं?"

"त्याला वाटतं, आपल्या जागेवर दुसराच कोणी येऊन बसलाय. खाणंपिणं सोडून भांडत बसतो बिचारा." नवऱ्याने खिशातला रुमाल काढून आरशावर बांधला. पक्षी जरा घुटमळला, मग शेपटी हलवत पाण्याकडे किडे टिपायला गेला.

"बरंय त्याचं. एका रुमालात सवत गेली," ती म्हणाली आणि कपड्यांची बादली उचलून फणकाऱ्याने नळावर गेली.

कपडे धुऊन परतली तेव्हा नवरा कामावर गेला होता. भिंतीवरच्या फोटोवर त्याचा दुसरा, घडीचा रुमाल टाकलेला होता.



तिने तो हळूच काढला आणि त्याच रुमालाने फोटोची काच पुसली.