वरवंट्याच्या जागी

तेल्हाऱ्याच्या वर, आमच्या संत्र्याच्या बागेत, तांब्या-जस्ताचा शोध दुसऱ्यांदा फसला. सासऱ्यांच्या काळी नुसते चर खणले होते. यंदा खोल बोअर मारून दगडाचे नमुने काढले. गारगोटीची शीर खाली जाऊन हरवली, असं सांगून साहेबलोक निघून गेले. एक नमुना अंगणातच राहिला: पांढरा, लांबट गोल, हिरव्या रेघांचा.

बारशाला आधी वरवंटा निजवतात पाळण्यात. आमच्या मिक्सरच्या घरात वरवंटा नव्हता, म्हणून सासूबाईंनी त्या दगडालाच कुंची घातली.

तेव्हापासून माझी लेक रागिणी रडत नाही, दूध मागत नाही. अंग गार लागतं, आणि कडेवर घेतली की हात भरून येतो. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, वजन उत्तम आहे.

"आई, तो दगड गरम लागतो," मी सासूबाईंना म्हटलं.

"उनात असंन."

"फडताळात होता."

"लेकरू चूप हाय त तुले काहून सलून राहिलं वं? लय शिकल्या की अशाच धास्तावतेत."

आज तेल लावताना रागिणीच्या मानेवर हिरवी रेघ दिसली. घासघासून पुसली, तरी जाईना.

मी तिला पाळण्यात ठेवलं. दगड बोअरमध्ये टाकून द्यायचाच, म्हणून तो छातीशी धरून निघाले.

उंबऱ्यापाशी मला पान्हा फुटला.