साठ शे

धुरपदाबाईचं वय सहा हजार वर्षं आहे, असं कॉम्प्युटरने सांगितलं आणि गिरधरने टाइप केलेलं वाक्य पुन्हा वाचलं.

“उमर कितली शे?” असं सिस्टर सुनंदाबाईंनी विचारलं होतं. “साठ शे,” म्हातारी म्हणाली होती. साठ आहे, एवढंच. खानदेशात शेंबड्या पोरालाही ‘शे’ म्हणजे ‘आहे’ हे कळतं. गिरधरने ते जसंच्या तसं टाइप केलं आणि यंत्राने पाचशे-सातशेच्या चालीवर साठाला शंभराने गुणून टाकलं.

पुण्याच्या संस्थेत तीन वर्षं घासून त्याने हा प्रोग्रॅम लिहिला होता. रोगी आपल्या तोंडाने जे सांगेल तेच वाक्य टाइप करायचं. यंत्र ते समजून घेणार, रोग ओळखणार आणि वयाप्रमाणे औषध सांगणार. कृत्रिम बुद्धी म्हणतात ती हीच. साक्रीपलीकडच्या या आरोग्य केंद्रात आज कमिटी ती बघणार होती. पटलं तर बारा केंद्रांत बारा यंत्रं आणि गिरधरची नोकरी कायम. नाही पटलं तर दोन्ही गेलं. ‘शे’ दुरुस्त करायला दोन दिवस हवे होते, आणि कमिटीची जीप धुळ्याहून निघून अर्धा तास झाला होता.

त्याने वाक्य पुसलं आणि पुन्हा लिहिलं, ‘साठ आहे’. यंत्र लगेच शहाण्यासारखं वागायला लागलं.

सुनंदाबाई मागेच उभ्या होत्या. वर्षभर या केंद्राला डॉक्टर नव्हता. त्यांनी चार अर्ज केले होते. डॉक्टर मागितला तर हा डबा पाठवला, हे त्यांनी सकाळीच तोंडावर सांगितलं होतं. डबा आणणाऱ्याला चहासुद्धा विचारला नव्हता.

“ती ‘शे’ म्हणाली, साहेब.”

“अर्थ तोच आहे.”

“तुम्हाला कसा माहीत? तुम्ही तर पुण्याचे ना?”

“अंदाजाने लिहिलं,” गिरधर म्हणाला.

कसला अंदाज? तिथून दहा मैलांवर त्याची आई याच बोलीत शेजारणीशी भांडत असेल. पण संस्थेत पहिल्याच आठवड्यात त्याच्या ‘शे’ला कोणीतरी खो खो हसलं, आणि त्या दिवसापासून हा गडी पुण्याचा झाला. आता तर तो घरच्या पत्रांनासुद्धा छापील मराठीत उत्तर देत असे.

कमिटी आली. पुढे संस्थेचे संचालक डॉ. लिमये, मागे मुंबईचे दोन साहेब. साहेबांना यंत्रातून निघणारा कागद तेवढा दिसत होता. गिरधर टाइप करायला बसला. “आठे पोट दुखस” ऐकायचं, ‘इथे पोट दुखते’ लिहायचं. “माले रातले झोप येत नही” ऐकायचं, ‘मला रात्री झोप येत नाही’ लिहायचं. बोटं आपोआप चालत होती. अकरा रोगी झाले आणि अकराही बरोबर निघाले. सुनंदाबाई एकेकाला आणून बसवत होत्या आणि औषधाच्या कपाटात हात घालणाऱ्या चोराकडे बघावं तशा गिरधरच्या बोटांकडे बघत होत्या.

“बोलीची काही अडचण?” एका साहेबाने विचारलं.

“छे. लोक अशुद्ध बोलतात, पण यंत्र समजून घेतं,” लिमये म्हणाले. “बुद्धी आहे ती यातच.”

“म्हणजे इथल्या माणसांना चालवता येईल?”

“आत्ता दाखवतो. सिस्टर, तुम्ही बसा. गिरधर, ऊठ.”

गिरधर उठला. खुर्ची सरकवायच्या निमित्ताने तो वाकला आणि हळूच म्हणाला, “सिस्टर, तेवढं ‘आहे’ लिहा. तीन वर्षं घातलीत मी यात.”

“मी लिहीन हो,” सुनंदाबाई तितक्याच हळू म्हणाल्या. “बाकीच्या अकरा ठिकाणी कोण लिहिणार? तिथं वयाचं चुकलं आणि कोणी तेवढं औषध देऊन बसलं तर?”

गिरधर खुर्चीमागे सरला. त्याला भीती वाटत होती, आणि या बाईचा भयंकर राग येत होता.

धुरपदाबाई सकाळपासून बाकावर बसून होती. गुडघ्याचं औषध तिला अजून कोणी दिलं नव्हतं. सुनंदाबाईंनी तिलाच पुढे बोलावलं.

“उमर?”

“साठ शे. कितल्या डाव सांगू?” पुन्हा तेच विचारल्यावर ती वैतागली.

सुनंदाबाईंनी ‘साठ’ लिहिलं आणि हात मांडीवर ठेवले. सकाळपासून त्या गिरधरला साहेब म्हणत होत्या, सरकारी कागदासारखं शुद्ध बोलत होत्या. आता त्या खुर्चीतल्या खुर्चीत वळल्या.

“पुढे काय लिखू, भाऊ? ती बोलस ते, का तू लिखस ते?”

लिमयांना त्यातलं काही कळलं नाही. “काय म्हणतायत या?” त्यांनी गिरधरला विचारलं.

सगळे त्याच्याकडे बघत होते. अर्थ सांगितला, तर सकाळपासूनचे अकरा रोगी कोणाला कळले, हेही सांगावं लागणार होतं. धुरपदाबाईसुद्धा डोळे बारीक करून त्याचा चेहरा न्याहाळत होती.

“मला नाही कळलं, सर,” गिरधर म्हणाला.

सुनंदाबाई उठल्या. त्यांनी म्हातारीच्या दंडाला धरलं.

“ऊठ माय,” त्या म्हणाल्या. “आठे कोनलेच समजत नही.”