ठेच्याचा ठसका

क्रांती चौकापासून शहागंजपर्यंत दिगूनं खाण्याची एकही गाडी सोडली नव्हती. कोरोनात शहर बंद पडलं, तसा तो मागच्या आठवड्यात पाचोडला घरी आला. घरात मीठ-तिखटाचा निकाल देण्याचा मान त्याचाच.

आज त्यानं भाकरीवर ठेचा घेतला. जिभेला काहीच कळलं नाही. बोटभर आणखी घेतला. तरी काही नाही.

"माय, मिरच्या कमी पडल्या का?"

"कमी? लई जाळ झालाय, जपून खा."

चव गेल्याचं सांगून टाकावं आणि ताट घेऊन लांब बसावं, म्हणून त्यानं मान वर केली.

ठेच्याच्या नुसत्या वासानं ठसका लागणारे आबा भाकरीला ठेचा फासून निवांत जेवत होते.

"वाढ की आणखी," ते मायला म्हणाले.